आवाज लावून आतलं काही कळतं का? कुणी करून पाहिलंय?

अर्धविराम:

एका निर्णयापाशी अडकून पडले आहे. मी फिजिओथेरपिस्ट, रुग्णालयात नोकरी. सोबत शिकलेल्या मैत्रिणीने स्वतःचं क्लिनिक काढलंय आणि भागीदार हो म्हणून मागे लागलीये. फायद्यातोट्यांची यादी करून झाली, दोन्ही रकाने सारखेच भरले. घरी विचारलं तर म्हणतात, मनाला विचार. मनाला विचारलं की ते म्हणतं, यादी बघ.

अशात एका ऑनलाइन कार्यशाळेला बसले. विषय होता, आवाजातून अंतःप्रेरणेपर्यंत पोचणं. डोळे मिटा, छातीवर हात ठेवा, ओठ मिटून गुंजन करा, मग मनातल्या मनात प्रश्न विचारा आणि येईल तो पहिला शब्द पकडा. तोच म्हणे अंतःप्रेरणेचा. मला आलेला पहिला शब्द: चार्जर. (लॅपटॉपची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती.) मागे सतत एक संगीत चालू होतं, ते ५२८ हर्ट्झचं, थेट हृदयाशी बोलणारं वगैरे.

हसण्यावारी नेलं असतं, पण एक गोष्ट नाकारता येत नाही. गुंजन संपलं तेव्हा खांदे खाली आले होते, डोक्यातली कलकल थांबली होती आणि त्या रात्री झोपही छान लागली. म्हणून विचारते. यात खरंच काही तथ्य आहे का? असेल तर नीट करायचं कसं? मला गाता येत नाही, आणि स्वतःचा रेकॉर्ड केलेला आवाज तर दोन मिनिटंही ऐकवत नाही, त्याने काही अडतं का?

भाबडी उत्तरं नकोत. ‘सगळं थोतांड’ हेही नको, ते माझं मला सांगून झालंय.


शंकासुर:

‘थोतांड’ म्हणायला आधीच बंदी घातलीत, त्यामुळे बोटं आवरून लिहितोय.

५२८ चं आधी उरकू. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात किती कंपनं. आणि सेकंद हे माणसाने ठरवलेलं माप आहे. दिवसाचे चोवीस भाग, त्याचे साठ, त्याचे पुन्हा साठ. उद्या दिवसाची वाटणी वेगळी केली तर त्याच स्वराचा आकडा बदलेल, स्वर तोच राहील. मग हृदय नक्की कुठल्या आकड्याला भुलतं? वाद्यं ४३२ हर्ट्झवर जुळवावीत की ४४० वर, हा वादही असाच. फ्रान्सने १८५९ मध्ये वाद्यं जुळवण्याचा स्वर ४३५ वर कायद्याने बांधला, १९३९ मध्ये लंडनच्या परिषदेत ४४० वर एकमत झालं. वादकांना एकमेकांशी जुळवून घेता यावं म्हणून केलेली ही सोय. विश्वाच्या कंपनांशी तिचा संबंध इतकाच, की बैठक याच विश्वात झाली.

आता तुमची शांतता. ती खरी असणार. लुचानो बर्नार्डी आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक सुरेख प्रयोग छापला होता. लोकांना लॅटिनमधून जपमाळेची प्रार्थना म्हणायला लावली, आणि ‘ओम मणि पद्मे हुम’ हा मंत्रही. दोन्ही वेळा श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला. एरवी बसल्याजागी आपण बारा ते वीस घेतो. त्या संथ लयीत हृदयाची गती आणि रक्तदाब यांचा मेळ सुधारलेला दिसला. दोन वेगळे धर्म, वेगळ्या भाषा, परिणाम एकच, कारण दोन्हींत एका दमात बरंच म्हणावं लागतं. तुमच्या गुंजनातही लांब उच्छ्वासच होता.

‘शरीराला आधी कळतं’ याचा एक नेहमीचा पुरावा कार्यशाळेत दिला असेलच: पत्त्यांचा प्रयोग. १९९७ मध्ये बेशारा, दामासिओ आणि मंडळींनी चार गड्ड्यांमधून पत्ते उचलायला लावले. तोट्याच्या गड्डीकडे हात जाताना खेळणाऱ्यांच्या तळहाताला घाम सुटायला लागला, ती गड्डी वाईट आहे हे त्यांना सांगता येण्याच्या आधी. गोष्ट भारी आहे. पण २००४ मध्ये दुसऱ्या दोघांनी तोच खेळ घेऊन खोदून खोदून प्रश्न विचारले, तेव्हा पहिल्या प्रयोगावरून वाटलं होतं त्यापेक्षा खेळणाऱ्यांना बरंच आधीपासून उमगलेलं असतं असं दिसलं. म्हणजे वाद अजून मिटलेला नाही.

थोडक्यात, तुम्ही शांत झालात हे मान्य. पण शांत झाल्यावर आलेला शब्द खरा असतो, हे कुठून आलं? ‘चार्जर’ मात्र शंभर टक्के खरा होता.


कानसेन:

मी ध्वनिसंपादक. मुलाखती, चर्चा, श्राव्य पुस्तकं. दिवसभर कानाला हेडफोन आणि हेडफोनमध्ये परकी माणसं. त्यामुळे गळ्याचं मला फार कळत नाही, कानाचं सांगतो.

माझ्या मते आवाज उत्तर देत नाही. पण तुम्ही स्वतःला सावरून घ्यायच्या आत अंगात जे होतं, ते तो उघडं पाडतो. ते ऐकायचं तर आवाज बाहेर काढायला हवा आणि मग परक्याचा असल्यासारखा लांबून ऐकायला हवा. तुमच्या कार्यशाळेत गुंजन करून घेतलं आणि प्रश्न मात्र ‘मनातल्या मनात’ विचारायला लावला. म्हणजे आवाज कामी येणार तेवढ्यात त्यांनी तो बंद केला!

मुलाखत कापताना समोर पडद्यावर आवाजाची लहर दिसते. शब्दांचे उंचवटे आणि त्यांच्या मधे श्वासांचे बारीक, खरबरीत पट्टे. नवखे संपादक ते पट्टे पुसून टाकतात, कारण ऐकायला स्वच्छ वाटतं. मग बोलणारा माणूस खोटा वाटू लागतो आणि का ते कुणाला सांगता येत नाही. एखाद्या पाहुण्याला विचारलं, ते काम सोडल्याचं वाईट वाटतं का? तो म्हणतो, नाही, अजिबात नाही. शब्द ठाम. पण ‘नाही’च्या आधी श्वास आत गेलाय आणि तिथेच अडकलाय, पडद्यावर एक सपाट रेघ, मग शब्द, आणि उरलेली हवा वाक्य संपल्यावर सुटते. दुसरा कुणी तेच ‘नाही’ म्हणतो तेव्हा श्वास आणि शब्द एका ओघात येतात. वाक्याचा शेवटही ऐकण्यासारखा असतो. मनातलं बोलणाऱ्याचा शेवटचा शब्द खाली येऊन टेकतो. पाठ केलेलं बोलताना तो वर तरंगत राहतो, पुढच्या वाक्याची घाई झालेली असते.

हे माझ्या कानाला पडलेलं वळण आहे, शास्त्र म्हणून सांगत नाही. आणि वाचून लगेच नवऱ्याचे किंवा साहेबांचे श्वास मोजायला बसू नका. आवाजावरून खोटं पकडणारी यंत्रं विकली जातात. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००३ च्या अहवालात त्यांना फारसा शास्त्रीय आधार नसल्याचं म्हटलंय. दुसऱ्याच्या आवाजात आपण बहुतेकदा आपलाच संशय ऐकतो. स्वतःच्या आवाजाचं तसं नाही, कारण तिथे तपासून बघायला तुम्ही हजर असता.

याला एक जुना आधारही आहे. यूजीन जेंडलिन हे शिकागो विद्यापीठातले तत्त्वज्ञ, मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांच्याबरोबर काम करत. मानसोपचाराचा उपयोग कुणाला होतो आणि कुणाला नाही, हे शोधायला त्यांच्या गटाने सत्रांच्या शेकडो ध्वनिफिती ऐकल्या. फरक सापडला तो बोलणाऱ्याच्या बोलण्यात, आणि तोही पहिल्या एकदोन सत्रांतच ऐकू येत होता. ज्यांना पुढे उपयोग झाला ती माणसं सफाईने बोलत नव्हती. मधेच थांबत, वापरलेला शब्द मागे घेत, छातीत किंवा पोटात जे धूसर काहीतरी जाणवतंय त्याला बसेल असा शब्द चाचपडत. चपखल शब्द सापडला की अंग सैल पडे, आणि बोलणं तिथून पुढे सरके. यावरूनच जेंडलिन यांनी फोकसिंग ही पद्धत मांडली. ती १९७८ पासून सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोचली. फितींवर ऐकू येणारं अडखळणं महत्त्वाचं, हे वाचून एका संपादकाला किती बरं वाटलं असेल याची कल्पना करा. आम्ही नेमकं तेच कापून फेकत असतो.

तर तुम्ही काय करावं.

गुंजन जरूर करा, चारपाच मिनिटं, सहज जमेल त्या खालच्या पट्टीत. त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा नको, फक्त श्वास जागेवर येऊ द्या. गाता यायची गरज नाही. सूर हलला तरी चालतो. मग फोनवर रेकॉर्डिंग लावा. फोन तोंडासमोर धरू नका, हनुवटीच्या बाजूला वीतभर लांब ठेवा, नाहीतर प आणि फ चे फटके बसतात आणि नंतर तेवढेच ऐकू येतात. कपड्यांचं कपाट उघडून त्याच्याकडे तोंड करून बोललात तर खोलीचा घुमारा कमी होतो.

आता मुख्य भाग. प्रश्न विचारू नका. ‘मी भागीदारी घेऊ का?’ या वाक्याचा शेवट वर चढणारच, प्रश्नाची चालच तशी असते, त्यातून काही हाती लागत नाही. निर्णय झालाय असं धरून विधान करा. ‘मी भागीदार झाले.’ आणि त्या आयुष्यातला एक साधा दिवस सांगत सुटा: कुलूप कोण उघडतं, पहिला पेशंट कोण, दुपारी काय होतं, घरी किती वाजता निघता. मोठी स्वप्नं नकोत, साधी कामं. मग तासाभराने, किंवा दुसऱ्या दिवशी, ‘मी नोकरीतच राहिले’ याचाही असाच दिवस. लिहून वाचायचं नाही. वाचताना आवाज सभ्य होतो.

ऐकताना पहिल्या फेरीत शब्द ऐकूच नका. आवाज इतका बारीक करा की शब्द कळणार नाहीत, नुसती चाल कळेल. किंवा फोन बाजूच्या खोलीत लावून दार लोटून घ्या. दारातून शब्द गाळले जातात, चढउतार पोचतात. कुठे वेग वाढतो, कुठे सपाट होतं, कुठे श्वास अडतो, तेवढी जागा टिपा. दुसऱ्या फेरीत आवाज मोठा करून बघा त्या जागी तुम्ही बोलत काय होता.


स्वरयंत्र:

कानसेन यांची शेवटची युक्ती मी चोरणार आहे. मी वाचाउपचार करते, म्हणून गळ्याच्या बाजूने थोडी भर.

असल्या कार्यशाळांमध्ये व्हेगस नसेचं नाव हमखास येतं. खरं तेवढं सांगते. स्वरयंत्राच्या स्नायूंना जाणाऱ्या नसा व्हेगसच्याच शाखा आहेत. डावी शाखा तर गळ्याशेजारून खाली छातीत उतरते, महाधमनीच्या कमानीला वळसा घालते आणि पुन्हा वर स्वरयंत्रापाशी येते. हृदय आणि आतड्यांकडेही व्हेगसच जाते. पण म्हणून गळा थरथरवला की नस ‘चालू’ होते, असं बटण तिथे नाही. हृदय मंदावतं ते मुख्यतः उच्छ्वास लांबल्यामुळे. शंकासुर यांचं त्याबाबतीत बरोबर आहे.

गुंजनाचा एक मोजलेला परिणाम मात्र आहे. स्वीडनमधल्या वाइट्झबर्ग आणि लुंडबर्ग यांनी २००२ मध्ये दाखवलं की नुसत्या शांत उच्छ्वासापेक्षा गुंजन करताना नाकातून बाहेर येणारा नायट्रिक ऑक्साइड सुमारे १५ पट वाढतो, कारण कंपनांमुळे चेहऱ्याच्या हाडांतल्या पोकळ्यांमधली हवा जोरात खेळते. त्याचा अंतःप्रेरणेशी काही संबंध जोडू नका, पण कपाळ-गालांना गुणगुण जाणवते ती उगाच नव्हे.

स्वतःचा आवाज ऐकवत नाही, हे अगदी स्वाभाविक. बोलताना आपण स्वतःला हवेतून ऐकतो आणि कवटीच्या हाडांतूनही. हाडं खालचे स्वर जास्त पोचवतात, म्हणून आतून आवाज भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंगमध्ये तो भाग नसतो. होल्झमन आणि राउझी यांनी १९६६ मध्ये यावर लिहिताना आणखी एक कारण मांडलं होतं: बोलताना जे दाखवायचं नसतं तेही त्यात ऐकू येतं, म्हणून माणसं दचकतात. म्हणजे तुम्हाला नकोसं वाटतं तेच कानसेन यांना हवंय.

गुंजनाने घसा खवखवत असेल तर एक स्ट्रॉ ओठांत धरा, दुसरं टोक पाण्यात बुडवा आणि बुडबुडे काढत ‘ऊ’ करा. स्वरतंतूंवर ताण कमी येतो, आम्ही रुग्णांनाही देतो. जोर लावायचा नाही. बसलेला आवाज तीन आठवड्यांत सुटला नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायचं. आणि वाचणाऱ्या इतरांसाठी: आपला नसलेला आवाज बाहेरून आल्यासारखा ऐकू येत असेल, हुकूम देत असेल, तर तो या धाग्याचा विषय नाही. त्यासाठी डॉक्टरांशी बोला, लवकर.


निःशब्द:

मला उलट वाटतं. आधी गप्प बसून ऐका, आवाज काढायचं नंतर बघू. संगीतकार जॉन केज १९५१ च्या सुमारास हार्वर्डच्या प्रतिध्वनीरहित खोलीत गेले ते शांतता ऐकायला, आणि तिथेही त्यांना दोन आवाज ऐकू आले, एक वरचा, एक खालचा. स्वतःच्याच शरीराचे. पॉलीन ऑलिव्हेरोस यांनी १९८८ मध्ये जमिनीखालच्या रिकाम्या पाण्याच्या टाकीत उतरून वादन केलं. तिथे एकेक स्वर पाऊण मिनिट घुमत राहायचा, त्यामुळे वाजवण्यापेक्षा थांबून ऐकणंच जास्त करावं लागलं. त्यातूनच त्यांचं ‘डीप लिसनिंग’, म्हणजे खोलवर ऐकणं, उभं राहिलं. मी रोज दहा मिनिटं जवळचा आवाज, मग लांबचा, मग सगळ्यात लांबचा असं ऐकत बसतो. निर्णय वगैरे काही घेत नाही त्यात. पण नंतरची उत्तरं कमी घाईची असतात.


अर्धविराम:

सगळ्यांचे आभार. केलं. कपाटाशी बोलताना कुणी पाहिलं नाही हे नशीब.

पहिल्यांदा स्वतःला ऐकणं असह्यच होतं. बाजूच्या खोलीत फोन लावून दार लोटल्यावर मात्र गंमत झाली, ती मी राहिलेच नाही. कुणी एक बाई पलीकडे बोलतेय, बस. नोकरीचा दिवस अख्खा सपाट. दुःखी नाही, पण वेळापत्रक वाचल्यासारखा. क्लिनिकच्या दिवसात चढउतार भरपूर, पेशंटबद्दल बोलताना मधेच हसलेही आहे, ते बोलताना लक्षातही आलं नव्हतं. आणि शेवटाकडे एका जागी आवाज एकदम वर गेला, वेग दुप्पट, शब्दांची शेपटं गिळलेली. मोठ्याने लावून बघितलं तर तिथे मी म्हणतेय, शेवटचा पेशंट गेला की दिवसाचा हिशेब करून निघायचं.

आता खरी अडचण. ही अंतःप्रेरणा म्हणायची की नुसती भीती? मी नवीन काहीही करताना घाबरते. फोन बदलतानासुद्धा.


कानसेन:

आवाज वर गेला यावरून भीती की उत्साह हे कळत नाही. दोन्हींत पट्टी चढते, वेग वाढतो. आवाजातून ‘काहीतरी पेटलंय’ एवढं सहज ऐकू येतं, काय पेटलंय ते अवघड. पण एक बघा. नव्याची जी सरसकट भीती असते, ती अख्ख्या दिवसावर पसरलेली ऐकू आली असती. तुमची एकाच वाक्याशी आहे. पेशंटशी हसताय, कुलूप उघडताना काही नाही, आणि हिशेबाशी येऊन शेपटं गिळताय.

त्या जागेशी परत जा. पुन्हा थोडं गुंजन, आणि मग मोठ्याने अर्धंच वाक्य म्हणा: ‘हिशेबाची वेळ झाली की मला वाटतं की…’ आणि थांबा. जे येईल ते बोला, बसलं नाही तर मागे घ्या, दुसरं बोला. घाई नको, सभ्यपणाही नको. बसणारं वाक्य आलं की ते तुम्हाला डोक्यात पटायच्या आधी श्वासात कळेल, हवा सुटेल. काहीच आलं नाही तर नाव घेऊन तिसऱ्याच कुणाबद्दल बोलल्यासारखं बोला, ‘अमुक इथे का अडखळते?’ ईथन क्रॉस यांच्या गटाने २०१४ मध्ये दाखवलं होतं की स्वतःशी बोलताना ‘मी’ऐवजी स्वतःचं नाव वापरलं तर ताणाच्या प्रसंगी माणसं जरा सावरून विचार करतात. थोडं विचित्र वाटेल. कपाटाशी बोलून झालंय, आता काय राहिलंय.


शंकासुर:

एक गोष्ट माझ्याकडून, कुरकुर न करता. अंतःप्रेरणेवर भरवसा कधी ठेवावा, यावर डॅनियल कानमन आणि गॅरी क्लाइन यांनी २००९ मध्ये मिळून लेख लिहिला. एक जण अंतःप्रेरणेबद्दल कायम साशंक, दुसऱ्याने अग्निशमन दलातल्या अनुभवी अधिकाऱ्यांचे झटपट निर्णय अभ्यासलेले. भांडायला बसले आणि बऱ्याच गोष्टींवर एकमत झालं. त्यांचं म्हणणं, त्या क्षेत्रात काही नियमितपणा असला पाहिजे आणि तुम्हाला तिथे दीर्घ सराव असला पाहिजे, चुकलं की लगेच कळणारा. दोन्ही असेल तर अंतःप्रेरणा म्हणजे ओळख पटणं. नसेल तर तो अंदाज, कितीही ठाम वाटला तरी.

म्हणून वेगवेगळं करून बघा. हाताखालचा स्नायू आज कुरबुरतोय हे तुम्हाला न सांगता कळत असेल, ते मी डोळे मिटून मानेन. क्लिनिक चालेल की नाही, याबद्दल तुमच्या छातीत काहीही होवो, त्याला किंमत कमी, कारण तुम्ही कधी क्लिनिक चालवलेलं नाही. मैत्रिणीला मात्र तुम्ही किती वर्षं ओळखता?


अर्धविराम:

शंकासुर, तुमच्या शेवटच्या प्रश्नाने आणि कानसेन यांच्या अर्ध्या वाक्याने एकाच जागी आणून सोडलं.

‘हिशेबाची वेळ झाली की मला वाटतं की जमणार नाही.’ नाही बसलं. ‘की उशीर होईल.’ तेही नाही. ‘की मी विचारलं तर तिला राग येईल.’ इथे घसा दाटला, पण सुटला नाही. मग बराच वेळ नुसतं ‘की… की…’ आणि मग आलं: ‘की तिने लिहिलेलंच नसेल.’ आणि जी काही हवा बाहेर पडली म्हणता.

शिकत होतो तेव्हा सहलीचे, गॅदरिंगचे पैसे तीच गोळा करायची. एकदाही ताळा बसला नाही. अप्रामाणिक अजिबात नाही हो, स्वतःच्या खिशातून घालायची. पण कुठे काही लिहिलेलं नसायचं आणि विचारलं की चेहरा पडायचा, म्हणून आम्ही विचारणं सोडून दिलं. हे मला माहीतच होतं. तरीही माझ्या यादीत ‘हिशेब ती बघणार’ ही ओळ कुठे होती सांगू? फायद्यांच्या रकान्यात.

निर्णय झालेला नाही. पण शुक्रवारी तिला भेटणार आहे आणि पहिली अट ठेवणार आहे की हिशेबाला पहिल्या दिवसापासून बाहेरचा माणूस, आणि महिनाअखेरीला दोघींनी बसून वह्या बघायच्या. हे तिच्यासमोर बोलताना आवाजाचं काय होईल देव जाणे. रेकॉर्ड करणार नाही, पळून जाईल ती.

एकच विचारायचं होतं, या फाइल्स आता पुसू का? फोनमध्ये त्या असणंच अवघडल्यासारखं होतंय.


स्वरयंत्र:

शुक्रवारी बोलायच्या आधी दोन मिनिटं स्ट्रॉ. आणि अटीचं वाक्य सुरू करण्यापूर्वी आतली हवा आधी थोडी सोडा, मग घ्या. भरलेल्या छातीने बोलायला गेलं की पहिला शब्द किंचाळतो.


कानसेन:

पुसू नका, फोनवरून काढून दुसरीकडे ठेवा. फाइलला तारखेचं नाव द्या, ‘क्लिनिक-हो’ असलं काही नको, नाहीतर नाव वाचूनच ऐकाल. आणि आज तुम्हाला त्यात काय ऐकू आलं ते चार ओळींत आजच लिहून सोबत ठेवा. वर्षाने काय झालं ते माहीत असताना ऐकलंत तर सगळं आधीपासून स्पष्ट होतं असंच वाटेल. टिपण असलं तर ताडून बघता येईल की तुमचा कान कुठे बरोबर होता आणि कुठे उगाच दचकला. शंकासुर म्हणतात तो चुकलं की कळणारा सराव, तो या बाबतीत असाच मिळतो, दुसरा मार्ग मला तरी दिसत नाही.

आणि आवाज स्वच्छ करणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमधून त्या फाइल्स काढू नका. सगळ्यात आधी श्वास जातात.